स्नायूंचा पीळ आणि मेंदूचीं चित्रें

लेखणी हातांत घेतली कीं कांहीं मनुष्यांचीं बोटें आपोआप मुडपूं लागतात. अंगठा आंत वळतो, मनगट वर उचललें जातें, आणि लेखणी कागदावर इतकी दाबली जाते कीं एक-दोन ओळींतच हात अवघडून जातो. तोच मनुष्य त्याच हातानें जेवतो, सदऱ्याच्या गुंड्या लावतो, कुलपांत किल्ली फिरवितो. तेव्हां कांहींएक अडत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं असा एखादा लेखनिक किंवा वादक पाहिला असेल. त्याच्या हाताचें हाड मोडलेलें नसतें, सांधा सुजलेला नसतो, स्नायूंतील शक्ति उणी झालेली नसते. मग हें होतें कसें? आळस, भीति, मनाचा दुबळेपणा, ढोंग, अशीं उत्तरें लोकांनीं दिलीं. आणि सांगावयास खेद वाटतो कीं, पुष्कळ काळ वैद्यांनींही तींच दिलीं. या विकारास डिस्टोनिया म्हणतात. त्याचें मूळ हातांत नसून मेंदूंत आहे हें आज आपण जाणतों, आणि मेंदूंत तें नेमकें कोठें व कसें आहे याचा शोध ज्या साधनांनीं चालविला आहे, त्या मेंदूच्या चित्रांविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम विकाराचें स्वरूप समजून घेऊं. आपण कोंपर वांकवितों तेव्हां दंडाच्या पुढील बाजूचा स्नायु आंखडतो आणि त्याच क्षणीं मागील बाजूचा स्नायु सैल पडतो. एकानें ओढावें व दुसऱ्यानें वाट द्यावी हा शरीराचा नित्य व्यवहार होय. त्याची आज्ञा मेंदूकडून सुटते आणि आपणांस तिची जाणीवही नसते. डिस्टोनियामध्यें ही तडजोड बिघडते. दोन्ही स्नायु एकदम ओढूं लागतात, शेजारच्या ज्या स्नायूंचें तेथें कांहीं काम नाहीं तेही ओढींत सामील होतात, आणि तो अवयव पिळल्यासारखा वांकडा होऊन राहतो किंवा पुनःपुन्हा एकाच दिशेस वळतो. एका गाडीस जुंपलेले दोन बैल विरुद्ध दिशांनीं ओढूं लागले म्हणजे गाडीची जी गत होते तीच येथें हाताची होते. बैल अशक्त झालेले नसतात. कोणास हा विकार केवळ लिहितांना होतो, कोणाची मान एका खांद्याकडे वळून राहते, तर कोणाच्या पापण्या इतक्या घट्ट मिटतात कीं डोळे निरोगी असूनही तो मनुष्य रस्त्यांत आंधळ्यासारखा उभा राहतो. लहानपणीं सुरू होणारा एक प्रकार बहुधा एका पायापासून आरंभ करतो आणि पुढें सर्वांगांत पसरूं शकतो.

हें दुखणें नवें नव्हे. इटलींतील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यानें निरनिराळ्या धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या आवृत्तींत लेखनिकांच्या हाताच्या पीडेचें वर्णन आहे. सर्वांगाच्या डिस्टोनियाचें पहिलें चांगलें वर्णन १९०८ सालीं बर्लिन येथें मार्कुस वाल्टर श्वाल्बे यानें आपल्या प्रबंधांत केलें. एकाच कुटुंबांतील तीन भावंडांस झालेला तो रोग होता. तरीही प्रबंधाच्या नांवांत हिस्टेरियाचा उल्लेख आलाच! १९११ सालीं हेर्मान ओपनहाइम यानें डिस्टोनिया हें नांव दिलें व हा विकार मनाचा नसून शरीराचा आहे असें बजावलें. पण त्याचें मत फार दिवस टिकलें नाहीं, कारण त्यास पुरावा दाखवितां येईना. मृत रोग्यांचे मेंदू चिरून पाहिले तरी बहुधा त्यांत कांहीं वावगें आढळत नसे. आणि जें चिरूनही दिसत नाहीं तें मनाचेंच असलें पाहिजे, असा समज दृढ होत गेला.

या समजास बळकटी देणारी एक चमत्कारिक गोष्ट होती. ज्याची मान पिळून वळते अशा रोग्यानें हनुवटीस नुसतें एक बोट लाविलें कीं पुष्कळदां मान सरळ होते. ढकलावें लागत नाहीं, स्पर्श पुरतो. मानेचे स्नायु केवढे बळकट, आणि एका बोटाच्या स्पर्शानें ते नमतात, यावरून फ्रान्समधील एदुआर ब्रिसो यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विकारास मानसिक ठरविलें. तर्क वरवर पाहतां बिनतोड दिसतो. शरीरांत खरोखर बिघाड असता तर तो बोटानें कसा हटला असता? या तर्कापायीं किती रोग्यांस आपणच दोषी आहों असें वाटून जन्म कंठावा लागला असेल, याचा हिशेब कोणीं ठेविलेला नाहीं. बोटाच्या या गोष्टीकडे आम्ही पुढें पुन्हा वळणार आहों.

लंडनचे डॉक्टर डेव्हिड मार्सडेन यांनीं १९७६ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, पापण्यांचा विकार, मानेचा विकार व लिहिणाऱ्याच्या हाताचा विकार हीं एकाच झाडाचीं पानें आहेत. १९८२ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी शीही यांनीं लेखनाच्या विकाराचे रोगी नीट तपासून दाखविलें कीं, मनोविकाराचें प्रमाण या लोकांत इतरांहून अधिक नसतें. हें काम त्यांनीं यंत्रानें नव्हे तर डोळ्यांनीं व प्रश्नांनीं केलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पण त्याच सुमारास यंत्रेंही हाताशीं आलीं होतीं.

रोंटगेनचे क्ष-किरण १८९५ पासून जगास ठाऊक होते. परंतु त्यांनीं डोक्याचें चित्र घेतलें तर कवटी दिसे, आंतील मऊ मेंदू दिसत नसे. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठीं ख्याति पावलेल्या ई. एम. आय. कंपनींतील गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्यानें ही अडचण दूर केली. एकाच बाजूनें किरण सोडण्याऐवजीं चहूंबाजूंनीं सोडावे, प्रत्येक वेळीं किती किरण पलीकडे पोंचले तें मोजावें, आणि त्या असंख्य आंकड्यांवरून गणकयंत्रानें आंतील एका पातळ चकतीचें चित्र काढावें, अशी त्याची युक्ति होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत पहिल्या रोग्याचें चित्र घेण्यांत आलें. यालाच आज आपण सी. टी. म्हणतों. हाउन्सफील्ड यांस १९७९ सालीं ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें.

या चित्रांनीं डिस्टोनियाच्या अभ्यासांत पहिला धागा हातीं दिला. मेंदूच्या पृष्ठभागाखालीं, अगदीं खोल, करड्या पेशींच्या कांहीं गाठी दडलेल्या आहेत. डॉक्टर लोक त्यांस बेझल गँग्लिया म्हणतात. सोयीसाठीं आम्ही त्यांस तळच्या गाठी म्हणूं. मोटार चालवितांना मार्ग व वेग ज्यानें ठरवावा तो चालक निराळा आणि केव्हां किती दाब सोडावा हें सांभाळणारी यंत्रणा निराळी. तळच्या गाठींचें काम या दुसऱ्या प्रकारचें. इष्ट हालचालीस वाट द्यावी व अनिष्ट हालचाली अडवून धराव्या, असें तें स्थूलमानानें सांगतां येईल. ज्या थोड्या रोग्यांस झटका येऊन अथवा डोक्यास मार लागून शरीराच्या एकाच बाजूस डिस्टोनिया झाला होता, त्यांचीं सी. टी. चित्रें मार्सडेन व सहकारी यांनीं १९८५ सालीं एकत्र पाहिलीं. इजा बहुधा विरुद्ध बाजूच्या तळच्या गाठींत अथवा त्यांच्या लगतच्या थॅलॅमस नांवाच्या केंद्रांत आढळली. ज्यास पुरावा नव्हता त्यास निदान कांहीं रोग्यांपुरता तरी पुरावा मिळाला.

पुढें एम. आर. आय. आलें. यांत क्ष-किरण मुळींच नाहींत. आपल्या शरीरांत पाणी पुष्कळ, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूंत हायड्रोजनचे दोन अणु. प्रबळ चुंबकांत निजविलें असतां हे अणु एका विशिष्ट लयीनें डोलतात. त्याच लयीच्या रेडिओ-लहरींनीं त्यांस हालविलें व सोडून दिलें कीं पूर्वस्थितीवर येतांना ते स्वतःच लहरी सोडतात. त्या लहरी ऐकून चित्र बनवावयाचें. पॉल लॉटरबर यांनीं १९७३ सालीं या रीतीनें पहिलें चित्र प्रसिद्ध केलें. पीटर मॅन्सफील्ड यांनीं ती रीति जलद केली. दोघांस २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रुग्णालयांत आज जे चुंबक वापरतात त्यांतील पुष्कळांचें बळ ३ टेस्ला असतें, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ६०,००० पट. म्हणूनच त्या खोलींत जातांना किल्ल्या, घड्याळ, पैसे सर्व बाहेर ठेवावें लागतें.

एम. आर. आय. चा एक उपयोग आईबापांस मुद्दाम सांगण्यासारखा आहे. विल्सनचा रोग नांवाचा एक आनुवंशिक विकार आहे; किनिअर विल्सन यांनीं १९१२ सालीं त्याचें वर्णन केलें. त्यांत अन्नांतून येणारें तांबें शरीराबाहेर टाकलें जात नाहीं. तें यकृतांत व तळच्या गाठींत साठतें. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. अक्षर बिघडूं लागतें, बोलणें जड होतें, तोंडांतून लाळ गळते, अभ्यासांत मन लागेनासें होतें, हात किंवा तोंड वांकडें होऊं लागतें. घरीं व शाळेंत प्रथम काय म्हणतात हें सांगावयास नको. अशा मुलाच्या एम. आर. आय. चित्रांत तळच्या गाठी ठळकपणें पालटलेल्या दिसतात, व कधीं कधीं मेंदूच्या मधल्या देठांत पांडा नांवाच्या अस्वलाच्या तोंडासारखी आकृतिही उमटते. चित्रापाठोपाठ रक्तांतील व लघवींतील तांब्याची आणि डोळ्यांच्या कडांची तपासणी करतात. जॉन वॉल्श यांनीं १९५६ सालीं पेनिसिलामीन हें तांबें काढून टाकणारें औषध प्रचारांत आणल्यापासून हा रोग वेळींच ओळखल्यास आटोक्यांत ठेवतां येतो. वेळींच, हा शब्द येथें फार महत्त्वाचा आहे.

परंतु वाचकांनीं पुढील गोष्टही लक्षांत घ्यावी. डिस्टोनियाच्या बहुसंख्य रोग्यांचें साधें एम. आर. आय. चित्र निर्मळ असतें. ना डाग, ना गाठ, ना सूज. जुन्या काळीं मेंदू चिरून जें आढळलें नाहीं तें चकतीच्या चित्रांतही आढळेना. तेव्हां असा विचार पुढें आला कीं, मेंदूचा आकार पाहून भागणार नाहीं, मेंदूचें काम पाहिलें पाहिजे. बंद पडलेलें घड्याळ व चालू घड्याळ यांचें छायाचित्र एकसारखेंच येतें.

मेंदूचें काम पाहावयाचें कसें? मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें शेंकडा २, पण विसांवा घेणाऱ्या शरीरास लागणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें शेंकडा २० एकटा मेंदू खातो. आणि जो भाग अधिक काम करतो तो अधिक साखर व अधिक रक्त ओढून घेतो. साखरेच्या रेणूस किरणोत्सर्गी फ्लुओरिनचा एक अणु चिकटवून ती साखर अल्प प्रमाणांत शिरेंतून दिली, तर मेंदूचा जो भाग भुकेला असेल तेथें ती गोळा होते. त्या फ्लुओरिनमधून निघालेला कण जवळच्याच एका इलेक्ट्रॉनशीं गांठ पडून नष्ट होतो व दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांस धांवतात. डोक्याभोंवतालच्या कड्यांत ते एकाच क्षणीं टिपले गेले कीं त्यांचें उगमस्थान कळतें. या रीतीस पेट असें संक्षिप्त नांव आहे. साखरेचा असा प्रयोग माणसावर १९७६ पासून होऊं लागला. फ्लुओरिनचें तेज ११० मिनिटांत निम्मे होतें, म्हणून तो दूरदेशाहून मागवून ठेवतां येत नाहीं. जवळपासच तयार करावा लागतो. दुसरी रीति एम. आर. आय. च्याच यंत्रानें होते. प्राणवायु वाहणारें रक्त व तो देऊन टाकलेलें रक्त यांचे चुंबकीय गुण किंचित् निराळे असतात, हा फरक सेइजी ओगावा यांनीं १९९० सालीं प्राण्यांच्या मेंदूचीं चित्रें काढण्याच्या कामीं लाविला. १९९२ पासून माणसांत तो वापरला जाऊं लागला. यांत किरणोत्सर्गी पदार्थ लागत नाहींत, म्हणून प्रयोग पुनःपुन्हा करतां येतो.

वृत्तपत्रांत जीं लाल-पिवळ्या ठिपक्यांचीं मेंदूचीं चित्रें छापून येतात तीं याच जातीचीं. तो लाल रंग मेंदूंत नसतो. अमुक काम करतांना व न करतांना या भागाच्या रक्तप्रवाहांत फरक पडला असावा असा गणिताचा जो अंदाज, त्यास दिलेला तो रंग आहे. रक्तही मेंदूच्या कामाच्या पांच-सहा सेकंद मागाहून येतें. गणितांत सावधगिरी न ठेवल्यास काय होतें हें अमेरिकेंतील क्रेग बेनेट व त्यांचे सोबती यांनीं २००९ सालीं मोठ्या गमतीनें दाखविलें: त्यांनीं बाजारांतून आणलेला एक मेलेला सामन मासा यंत्रांत ठेविला, त्यास माणसांचीं चित्रें दाखविलीं, आणि सोडवणुकीची नेहमीची दुरुस्ती न करतां हिशेब मांडला, तों त्या मेलेल्या माशाचा मेंदूही विचार करतांना आढळला! दुरुस्ती केल्यावर ठिपके अर्थातच नाहींसे झाले.

डिस्टोनियाच्या बाबतींत याहूनही एक अवघड पेंच होता. यंत्रांत डोकें रेसभरही हालतां कामा नये, आणि अभ्यास तर न थांबणाऱ्या हालचालीचा! शिवाय, ज्याचा हात पिळतो आहे त्याच्या मेंदूचें चित्र घेतलें व त्यांत एखादा भाग अधिक काम करतांना दिसला, तर तें पिळाचें कारण म्हणावें कीं पिळाचा परिणाम? हात ओढला जातो, दुखतो, रोगी तो आवरूं पाहतो. या सर्वांस मेंदूचें काम लागतेंच. धूर दिसला म्हणून आग धुरानें लागली असें होत नाहीं. आमच्या मतें या विषयांतील खरें बुद्धिकौशल्य यंत्रांत नसून हा पेंच सोडविण्याच्या युक्त्यांत आहे.

अशी एक युक्ति न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर डेव्हिड आयडलबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं योजिली. लहानपणीं सुरू होणाऱ्या डिस्टोनियाचें एक प्रमुख जनुक १९९७ सालीं लॉरी ओझेलियस व इतर शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें होतें. नवव्या गुणसूत्रावरील त्या जनुकांतील केवळ तीन अक्षरें गळालेलीं असतात. नवल असें कीं, तो दोष अंगीं असलेल्या दहा माणसांपैकीं सुमारें तिघांसच रोग होतो. उरलेले सात जन्मभर निरोगी राहतात. आयडलबर्ग यांनीं या निरोगी वाहकांच्या मेंदूचें साखरेचें चित्र घेतलें. त्यांचे हात पिळत नाहींत, दुखत नाहींत, आवरावे लागत नाहींत. तरीही तळच्या गाठी, लहान मेंदू आणि हालचालीची आखणी करणारा पृष्ठभागाचा एक पट्टा हे तिन्ही भाग सामान्य माणसांहून अधिक साखर खातांना दिसले. उलट बाजूनें, प्रत्यक्ष रोग्यांचें चित्र ते झोपले असतांना घेतलें. झोपेंत पीळ थांबतो. पीळ थांबल्यावर मेंदूंतील कांहीं भागांचें वाढलेलें काम उतरलें, पण तळच्या गाठींतील वाढ तशीच राहिली. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानें धूर व आग निराळीं झालीं. रोग दिसण्यापूर्वींच, किंबहुना रोग कधीं न दिसणाऱ्या माणसांतही, मेंदूची घडी निराळी असते हें उघड झालें. ज्यास ढोंगी म्हणून हिणविलें जाई त्याच्या झोपलेल्या मेंदूनें त्याच्या वतीनें साक्ष दिली.

मग त्या सात जणांस रोग कां होत नाहीं? त्याचें उत्तर २००९ सालीं याच मंडळींनीं दिलें, आणि तें आम्हांस फार मनोरंजक वाटतें. एम. आर. आय. च्या एका प्रकारांत पाण्याचे कण मेंदूच्या तंतूंतून कोणत्या दिशेनें झिरपतात तें पाहतां येतें. त्यावरून तंतूंच्या वाटा कोठें धड व कोठें विरळ आहेत तें कळतें. जनुकाचा दोष असलेल्या सर्वांतच लहान मेंदूकडून थॅलॅमसकडे जाणारी वाट विरळ आढळली. परंतु निरोगी वाहकांत त्याच वाटेवर आणखी पुढें, थॅलॅमसपासून मेंदूच्या पृष्ठभागाकडे जातांना, दुसरी एक जागा विरळ होती. शेताच्या पाटावरील दार मोडून पाण्याचा लोंढा सुटावा, पण पुढें पाट अर्धा बुजलेला असल्यामुळें तो लोंढा पिकापर्यंत पोंचूं नये, तसा हा प्रकार. दोन खोडी एकमेकींस आवरतात. डिस्टोनिया हा केवळ तळच्या गाठींचा रोग नसून लहान मेंदू, थॅलॅमस व पृष्ठभाग यांना जोडणाऱ्या सबंध जाळ्याचा रोग आहे, ही आजची समजूत बऱ्याच अंशीं अशा चित्रांतून बनली आहे.

आतां हाताकडे येऊं. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जणूं नकाशा आहे, आणि त्यांत प्रत्येक बोटास स्वतंत्र जागा आहे. १९९६ सालीं सॅन फ्रान्सिस्कोमधील नॅन्सी बिल व मायकेल मर्झेनिक यांनीं माकडांस एक मूठ उघडण्या-मिटण्याचें काम अतिशय जलद व दीर्घकाळ करावयास लाविलें. हाताची हालचाल बिघडली, आणि मेंदूंत पाहतां बोटांच्या जागांच्या सीमा पुसट होऊन त्या एकमेकींत मिसळल्या होत्या. १९९८ सालीं थोमास एल्बर्ट व सहकारी यांनीं हाताच्या डिस्टोनियानें पीडित झालेल्या वादकांच्या मेंदूंतील अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजलें, तेव्हां त्यांच्याही बोटांच्या जागा एकमेकींच्या अधिक निकट सरकलेल्या आढळल्या. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांची कथा पुष्कळांस माहीत आहे. १९६५ च्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचें बोट मुडपूं लागलें. तीस वर्षांच्या आसपास ते मुख्यतः एकट्या डाव्या हातासाठीं रचलेलें संगीत वाजवीत, विद्यार्थ्यांस शिकवीत व वाद्यवृंद चालवीत राहिले. रोगाचें खरें नांव कळून योग्य उपचार झाल्यावर ते पुन्हा दोन्ही हातांनीं वाजवूं लागले, आणि २००४ सालीं ‘टू हँड्स’ या नांवानें त्यांची तबकडी निघाली. २०२० सालीं ते वारले.

तथापि हाताच्या बाबतींत चित्रांची साक्ष एकमुखी नाहीं, हेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे. हाताच्या डिस्टोनियांत मेंदूंतील हाताच्या भागाचा करडा थर वाढलेला आढळला, असें २००४ सालीं एका मंडळीनें लिहिलें. लेखनाच्या विकारांत तोच थर घटलेला आढळला, असें २००७ सालीं दुसरीनें. खरें कोणाचें? २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगांत अशा रोग्यांचा उजवा हात चार आठवडे बांधून ठेविला, तों तो थर पातळ झाला; नंतर आठ आठवडे हातास व्यायाम दिला, तों तो पुन्हा भरला. म्हणजे वापरानें वाढ व विसाव्यानें घट हा मेंदूचा साधा धर्मच असल्यामुळें, केवळ जाडी मोजून रोगाचें कारण सांपडलें असें कोणीं म्हणूं नये.

उपचारांच्या बाबतींतही चित्रांनीं कांहीं अनपेक्षित गोष्टी दाखविल्या. बोट्युलिनम नांवाच्या विषाचा अत्यल्प अंश पिळणाऱ्या स्नायूंत टोंचला असतां तो कांहीं महिने सैल पडतो, व पुष्कळ रोग्यांस लिहितां येऊं लागतें. पण १९९७ सालच्या एका पेट-अभ्यासांत असें आढळलें कीं, हात सुधारला तरी लिहितांना मेंदूच्या पुढील भागांत दिसणारा मूळ बिघाड तसाच राहतो. म्हणून तें औषध पुनःपुन्हा टोंचावें लागतें. ज्यांच्या सर्वांगांत रोग पसरला आहे अशा मुलांच्या तळच्या गाठींत बारीक तार बसवून सूक्ष्म विद्युत्-प्रवाह देण्याचा उपचार फ्रान्समधील मोंपेलिए येथें फिलिप कूब यांनीं केला व त्याचे उत्तम परिणाम २००० सालीं प्रसिद्ध केले. ती तार नेमक्या जागीं जाण्यास एम. आर. आय. चित्राचाच आधार लागतो.

आणखी एक विकार सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जपानमधील डॉक्टर मासाया सेगावा यांनीं अशीं मुलें पाहिलीं कीं, जीं सकाळीं नीट चालत, दुपारनंतर त्यांचा पाय पिळूं लागे, सायंकाळीं त्यांस चालणें अशक्य होई, आणि रात्रीं झोप झाली कीं पुन्हा सकाळीं चालत! सकाळीं धांवणारें मूल सायंकाळीं लंगडतें, तेव्हां घरच्यांस तें नाटक वाटल्यास नवल नाहीं. कित्येक मुलांवर जन्मजात मेंदूच्या पक्षाघाताचा शिक्का बसून तीं वर्षानुवर्षें चाकांच्या खुर्चींत बसलीं. वस्तुतः डोपामिन नांवाचें द्रव्य बनविण्यांतील उणीव हें याचें कारण, आणि लेव्होडोपा या औषधाच्या अल्प मात्रेनें तीं मुलें बहुधा चालूं लागतात. तरुणपणीं होणाऱ्या पार्किन्सनच्या रोगाचीं लक्षणें आरंभीं अशींच असतात. पण त्या रोगांत डोपामिनच्या तंतूंचीं टोंकें नष्ट होत जातात, सेगावाच्या विकारांत तीं शाबूत असतात. टोंकांस चिकटणारें किरणोत्सर्गी द्रव्य देऊन चित्र घेतलें कीं पहिल्यांत तळच्या गाठी फिक्या दिसतात, दुसऱ्यांत उजळ. येथें निर्मळ चित्र हीच आनंदाची वार्ता ठरते.

हनुवटीवरील बोटाचें काय झालें? २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन पेट-अभ्यासांत, बोटाच्या स्पर्शानें मान सरळ होत असतां, मेंदूच्या पार्श्वभागाचें, म्हणजे स्पर्श व अवयवांची स्थिति यांचा मेळ घालणाऱ्या भागाचें, काम वाढलेलें व हालचालीची आज्ञा देणाऱ्या भागाचें काम उतरलेलें दिसलें. २०१९ सालीं डॅनियल कॉर्प व सहकारी यांनीं मेंदूस इजा होऊन मान पिळूं लागलेले २५ रोगी निवडले. इजा कोणाची येथें, कोणाची तेथें. एकच जागा अशी निघेना. मग त्यांनीं १००० निरोगी माणसांच्या चित्रांवरून सिद्ध केलेल्या मेंदूच्या जाळ्याच्या नकाशावर त्या जागा ठेवून, प्रत्येकीचें कोणाकोणाशीं दळणवळण आहे तें पाहिलें. सर्व वाटा लहान मेंदूशीं व पृष्ठभागावरील स्पर्शाच्या पट्ट्याशीं जुळल्या. ज्या स्पर्शाच्या साक्षीवरून ब्रिसोनें या विकारास मानसिक ठरविलें, तो स्पर्शच या जाळ्याचा एक मुख्य धागा निघाला.

येवढें झालें तरी हीं चित्रें बहुधा अनेक रोग्यांची सरासरी काढून मिळालेलीं आहेत. समोरच्या एका रोग्याचें चित्र पाहून त्यास साधा डिस्टोनिया आहे कीं नाहीं हें खात्रीनें सांगणारें यंत्र रुग्णालयांत नाहीं. तेथें एम. आर. आय. काढतात तें मुख्यतः विल्सनच्या रोगासारखीं दुसरीं कारणें वगळण्यासाठीं; आणि निदान करावयाचें असतां डॉक्टर अजूनही रोग्यापुढें कोरा कागद ठेवतात, त्यास आपलें नांव लिहावयास सांगतात, आणि बोटांकडे पाहत राहतात.